उद्याच्या मॅचचा कालचा निकाल

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसला तर मला तुमचीच काळजी वाटेल. पण एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये, एका शुक्रवारी, गुडगावातल्या एका ऑफिसात बसून मी ऑस्ट्रेलियातल्या चार फुटबॉल मॅचेसचे निकाल लिहिले. नुसतं कोण जिंकलं एवढंच नाही. गुण, वारा, चिखल, कोणाचा गुडघा दुखावला, शेवटच्या मिनिटाला चेंडू कुठे लागला, सगळं. आणि त्या मॅचेस झाल्या शनिवारी.

ही गोष्ट मी द्वारकेच्या आमच्या सोसायटीत इतक्यांदा सांगितली आहे की मी लिफ्टमध्ये शिरलो की लोक बंद पडलेला मोबाईलसुद्धा कानाला लावतात. शुभदासमोर मात्र कधी सांगितली नव्हती. शुभदा म्हणजे माझी बायको. तिला खेळांचा कंटाळा आहे, असं मी लोकांना सांगतो.

गेल्या जानेवारीत आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकाला, गेली होती. दर चौदा जानेवारीला जाते. तिथे आमचे कृष्णात सुभेदार लढाई सांगतात. सुभेदार मूळचे कागलकडचे, पलटणीतून निवृत्त होऊन पालमला घर बांधून राहिलेले. त्यांची सांगण्याची तऱ्हा अशी, की दुपारी दोनपर्यंत आपणच जिंकत असतो. ऐकणाऱ्याला दरवर्षी वाटतं, या खेपेला बहुतेक जमतंय. मग त्यांच्या गोष्टीत तीन वाजतात, आणि सगळे बसकडे चालायला लागतात.

परत येताना मुरथलच्या पुढे धुकं उतरलं. पुढचा ट्रक दिसेना, मागचा नुसता ऐकू येत होता. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि बिडी ओढायला खाली उतरला. बस अशी ठप्प झाल्यावर माणसं एकतर डबे उघडतात, नाहीतर झोपतात. शुभदा माझ्या पुढच्या सीटवर होती. तिनं शाल कानावरून घेतली आणि मान खिडकीला टेकवली. झोपली असं मी समजलो. मी आणि सुभेदार एका बाकावर, आणि पलीकडच्या बाकावर त्यांची नात शिवांजली. आठवीतली पोर, जन्म दिल्लीचा.

शिवांजली सुभेदारांना म्हणाली, "आजोबा, उशीर झाला तर प्रॉब्लेम आहे हं. काल माझी मॅथ्सची टेस्ट आहे."

सुभेदार म्हणाले, "काल होती तर काल द्यायची होतीस की."

तिला कळेना आजोबा का चिडले. आमच्या इकडच्या पोरांचं हे नेहमीचंच. हिंदीतला ‘कल’ मागेही जातो आणि पुढेही जातो. आपला ‘काल’ फक्त मागे जातो. ही पोरं हिंदीचं इंजिन मराठीच्या डब्याला जोडतात आणि मग घरातल्या म्हाताऱ्यांना परीक्षा आधी झाली की नंतर होणार तेच समजत नाही. सुभेदारांनी मुलांची मराठी कशी बुडत चालली आहे यावर बोलायला सुरुवात केली. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, पोरीला रागावू नका, या एका शब्दानं चांगल्या चाळीस वर्षांच्या बाप्याला तोंडावर पाडलं होतं. तो बाप्या मी. आणि सुरू केली गोष्ट.

आधी हे सांगायला हवं की मी दिल्लीत आलो तो फुटबॉलसाठी नाही, शुभदासाठी आलो.

एकोणनव्वद साली तिला पहाडगंजच्या मराठी शाळेत गणिताच्या शिक्षिकेची कायमची नोकरी लागली. साताऱ्यात तिनं सात वर्षं तात्पुरत्या जागांवर काढली होती. जून ते एप्रिल, पुन्हा जून ते एप्रिल. वर्षभर जाऊन बघू, असं ठरवून ती गेली. त्या वर्षाची नऊ वर्षं झाली. मी साताऱ्याच्या एका दैनिकात खेळाचं पान सांभाळायचो. दिवाळीत ती यायची, उन्हाळ्यात मी झेलम एक्सप्रेसनं जायचो. एरवी रविवारी संध्याकाळी तिच्या घरमालकांकडे फोन. ती तिथे राजमा करायला शिकली, मी इथे एकट्यापुरती आमटी करायला शिकलो. प्रत्येक सुट्टीचे पहिले चार दिवस एकमेकांच्या सवयी आठवण्यात जायचे आणि नीट आठवल्या की सुट्टी संपायची.

शेवटी अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये मी बॅग भरली. गुडगावात एका कंपनीत लिहिण्याचं काम मिळालं होतं, तीन महिने बघू, मग कायम करू, अशा बोलीवर. आमचे साताऱ्याचे संपादक दीनानाथराव भला माणूस. ते म्हणाले, दसऱ्यापर्यंत तुमची खुर्ची रिकामी ठेवतो, त्यानंतर माझा नाइलाज आहे. म्हणजे हिशोब सरळ होता. गुडगावात कायम झालो तर संसार, नाहीतर पुन्हा झेलम एक्सप्रेस. शुभदाची नोकरी सोडायचा प्रश्नच नव्हता. ती आमच्या दोघांतली एकमेव पक्की गोष्ट होती.

द्वारकेला तेव्हा जुनी माणसं पप्पनकलांच म्हणायची. सेक्टरांचे नंबर होते, रस्ते होते, रस्त्यांवर दिवे होते, फक्त माणसं यायची होती. आम्ही एका नव्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पाण्याचा टँकर दिवसाआड यायचा. बस यायची असं म्हणायचे. संध्याकाळी आम्ही दोघं त्या रिकाम्या रुंद रस्त्यावरून फिरायला जायचो, एक भुट्टा दोघांत. ज्या प्लॉटवर अजून घरं नव्हती तिथे शुभदा घरं दाखवायची. हे डॉक्टरांचं, हे पोळीभाजी केंद्र, इथे तुमच्यासारख्या रिकामटेकड्यांचा कट्टा. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि संसाराला आम्ही जूनमध्ये सुरुवात केली होती. ती इतकी हसते हे मला त्या जूनमध्ये कळलं. साताऱ्याच्या फोनवर हसणं ऐकू येत नसे. तिच्या मागे घरमालकांचा टीव्ही असायचा.

सुभेदार म्हणाले, हे सगळं ठीक आहे, पण फुटबॉल कुठे आहे.

येतोय, म्हटलं.

कंपनी कसली, तर परदेशातली कामं इकडे करून द्यायची. तेव्हा असल्या कंपन्यांचं पीक आलं होतं. बाजरीच्या शेतात मध्येच एक काचेची इमारत, गेटवर दोन म्हशी आणि आत एसी. कोणी अमेरिकन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या टाइप करायचं, कोणी कुठल्या दुकानाचे कॅटलॉग. माझ्या वाट्याला ऑस्ट्रेलिया आला. तिथल्या एका राज्याची फुटबॉल लीग होती. देशाची मोठी लीग वेगळी, टीव्हीवरची. ही राज्यातली, आपल्या तालुक्या-जिल्ह्याच्या सामन्यांसारखी. दर शनिवारी चार मॅचेस, आणि प्रत्येक मैदानाच्या दारात एक छोटी पुस्तिका विकायची. आज कोण खेळणार, कोण जखमी, कोणाचं पारडं जड. ते आगाऊ वर्णन मी लिहायचं. गुडगावात बसून. तिकडून गुरुवारी फॅक्सवर खेळाडूंची यादी आणि मागचे निकाल येत, त्या गुळगुळीत कागदाच्या सुरळ्या, ज्यांच्यावरची अक्षरं आठवड्यात उडून जायची.

खेळ काय सांगू. मैदान लंबगोल, चेंडू लंबगोल, एकेका बाजूला अठरा माणसं. चेंडू पायानं मारायचा, मुठीनं ठोसून पास द्यायचा, आणि उंच आला तर समोरच्याच्या खांद्यावर गुडघा रोवून हवेतच झेलायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब, जाळी नाही. मधल्या दोन खांबांमधून गेला तर सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. मधल्या खांबाला नुसता लागला तरी एकच. मला हा एक गुण फार आवडला. हुकलं तरी रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. आलात, प्रयत्न केलात, हा घ्या एक.

आणि खेळणारे कोण. यादीत नावापुढे त्यांचा धंदा लिहिलेला असायचा. कोणी शाळामास्तर, कोणी पोस्टमन, कोणी बापाच्या द्राक्षमळ्यावर. संघांची खरी नावं मला कधी पाठ झाली नाहीत, मी माझी ठेवली होती. टेकडीवाले, बंदरवाले, गिरणीवाले, मळेवाले. बंदरवाल्यांचा पुढचा गडी पेशानं प्लंबर होता, त्याला मी नळवाला म्हणायचो. आठवडाभर लोकांचे नळ दुरुस्त करायचा आणि शनिवारी सहा-सहा गुण मारायचा. साताऱ्यात मी आयुष्यभर अशाच माणसांबद्दल लिहिलं होतं. दिवसा एसटीच्या वर्कशॉपमध्ये आणि संध्याकाळी कबड्डीच्या पटात.

मी मनात मराठीत लिहायचो, मग त्याला इंग्रजी कपडे चढवायचो. माझं इंग्रजी म्हणजे लग्नात भाड्यानं आणलेला कोट. अंगावर होता, मापाचा नव्हता. ऑफिसात चंद्रप्रभाताई होत्या, नागपूरच्या, वीस वर्षं दिल्लीत मुरलेल्या. त्या टाइप करायच्या आणि कोट कुठे फाटला असेल तिथे टाका घालायच्या. मी लिहायचो, ‘शनिवारी टेकडीवाल्यांच्या मैदानात नळवाला येतो आहे. टेकडीवाल्यांनी त्याच्यासाठी नवा पहारेकरी उभा केला आहे. शाळामास्तर आहे, शिस्तीचा आहे, पण नळवाल्यानं आजवर अशा तीन मास्तरांना आभाळ दाखवलं आहे. माती ओली राहिली तर मास्तरांचं फावेल. वारा सुटला तर देव त्यांचं भलं करो.’ चंद्रप्रभाताई ‘आभाळ दाखवणं’ला अडखळायच्या. मी म्हणायचो, राहू दे, कुस्ती सगळ्या जगात कळते. आणि कळायची. तिकडून निरोप यायचा, तुमचा माणूस मजेशीर लिहितो.

हे सगळं खरं आहे. इथवरचं सगळं खरं आहे, हे मी सुभेदारांनाही दोनदा सांगितलं.

आता तो शुक्रवार. तीन महिने संपायला एक आठवडा उरला होता. आमचे मालक सचदेवा साहेब, दिल्लीचे पंजाबी, नेहमी जिन्यात बोलायचे, तेही उतरताना. खोलीत बसून त्यांनी कधी कोणाला काम सांगितल्याचं मला आठवत नाही. चंद्रप्रभाताई त्या आठवड्यात रजेवर. मी चहा घेऊन जिना चढत होतो, साहेब उतरत होते. ते म्हणाले, "सुधाकर जी, कल के मैच का पूरा लिख के दे दो, शाम तक." आणि खाली गेले.

दिल्लीत पाऊल टाकल्या दिवशी शुभदानं मला बजावून ठेवलं होतं, कलपासून सांभाळा. आणि मी सांभाळतही होतो. ‘सिलेंडर कल आएगा’ म्हटलं की ‘आएगा’वरून समजायचं. ‘कल आया था’ म्हटलं की ‘था’वरून. क्रियापद धरून राहिलं की माणूस वाहून जात नाही. पण ‘कल के मैच का’ यात क्रियापद कुठे आहे. सांगा ना. पकडायला काहीच नाही. साहेबांना हवं होतं उद्याच्या मॅचचं नेहमीचं आगाऊ वर्णन, पण साताऱ्याच्या कानात जे शिरायचं तेच शिरलं. कालच्या मॅचचं लिहून द्या.

शिवांजली म्हणाली, "पण काल, म्हणजे यस्टर्डे, तर थर्सडे होता. मॅच सॅटर्डेला असते ना."

हाच तर प्रश्न मी स्वतःला विचारला. आणि उत्तरही तयार झालं. तिकडे काहीतरी सुट्टी असणार. मध्येच एक फेरी ठेवली असणार. गुरुवारी दुपारी दोन तास वीज नव्हती, जनरेटरही बसला होता. त्या वेळात निकालांचा फॅक्स आला असेल आणि मशीननं गिळला असेल. म्हणजे चूक कोणाची, तर फॅक्सवर लक्ष ठेवणाऱ्याची. म्हणजे माझी. कायम व्हायला एक आठवडा उरलेला, आणि मी साहेबांकडे जाऊन म्हणायचं, काल मॅचेस झाल्या हे मला माहीतच नाही.

ते मला परवडणारं नव्हतं. कारण मी डोळे मिटले की झेलम एक्सप्रेसची खिडकी दिसायची. प्लॅटफॉर्मवर शुभदा, हात वर केलेला, आणि गाडी हलल्यावर तो हात पर्सच्या पट्ट्याकडे नेण्याची तिची सवय. नऊ वर्षं दर उन्हाळ्यात पाहिलं होतं.

तेव्हा मी तेच केलं जे साताऱ्याचा कोणताही जुना वार्ताहर करेल. आमच्याकडे एसटी चुकली म्हणून कोणी सामन्याची बातमी सोडत नसे. दोन्ही संघ माहीत असायचे, मैदान माहीत असायचं, पंचांचा स्वभाव माहीत असायचा. ऑफिसात बसूनच सामना खेळवायचा आणि सकाळी निकालाचा आकडा तेवढा फोनवरून भरायचा. मी तसल्या किती मॅचेस न जाता पाहिल्या आहेत त्याची गणती नाही. इथे आकडाही नव्हता, म्हणून तोही खेळवला.

चारही मॅचेस लिहिल्या. तीन मामुली. चौथी, टेकडीवाले विरुद्ध बंदरवाले, तिच्यात मी जीव ओतला. टेकडीवाले बारा वेळा सहा आणि वर पाच, सत्त्याहत्तर. बंदरवाले अकरा वेळा सहा आणि वर नऊ, पंचाहत्तर. शेवटचं मिनिट. नळवाल्याकडे चेंडू, समोर चार खांब, मागे पाऊस. त्यानं मारला. चेंडू मधल्या खांबाला लागला. एक गुण. शहात्तर. एका गुणानं गेली. नळवाला खांबाजवळ जाऊन उभा राहिला आणि ज्या ठिकाणी चेंडू लागला होता तिथे त्यानं हात ठेवला. घरातला गळका पाइप शोधताना ठेवतात तसा.

हे लिहून झाल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दोन बोटांनी मीच टाइप केलं. साहेबांनी न वाचता सही केली. संध्याकाळी सगळं ऑस्ट्रेलियात.

"वाचलं नाही साहेबानं?" सुभेदारांनी विचारलं. मी म्हटलं, सुभेदार, तुमच्या पलटणीत वरच्या साहेबानं किती कागद वाचून सह्या केल्या.

तिकडे पुस्तिकेचं काम बघणारा माणूस शुक्रवारी दुपारीच मासे धरायला गेलेला. कागद थेट छापखान्यात. शनिवारी दुपारी मैदानाच्या दारात लोकांनी पुस्तिका विकत घेतली, मफलर गुंडाळून बाकावर बसले, पान उघडलं, आणि जी मॅच बघायला आले होते तिचा निकाल वाचला.

इथे सुभेदार पहिल्यांदा हसले. शिवांजली आपला बाक सोडून माझ्या बाकाच्या दांड्यावर येऊन बसली. मागच्या दोन रांगांतली डब्यांची झाकणं वाजायची थांबली. इतके कान मला पूर्वी कधी मिळाले नव्हते, आणि मी सैल सुटलो.

म्हटलं, आधी लोक हसले. मग मॅचच्या चार भागांतल्या पहिल्या भागात टेकडीवाल्यांनी मी लिहिलेले तीन षटकार मारले, तेही मी लिहिलेल्या क्रमानं, आणि हसणं थांबलं. दुसऱ्या भागात मी लिहिलं होतं की मास्तरचा गुडघा दुखावेल. मास्तरनं ते वाचलं होतं. बिचारा गुडघा जपत खेळत होता आणि जपण्याच्या नादातच पडला. तिसऱ्या भागापर्यंत चार हजार माणसं पुस्तिकेत बोट ठेवून मॅच बघत होती, आपल्याकडे पारायणाला पोथी घेऊन बसतात तशी. पंच निशाण उचलायच्या आधी लोकच ओरडायचे, सहा. आणि सहाच असायचे.

शेवटचं मिनिट आलं. पंचाहत्तर, सत्त्याहत्तर. नळवाल्याकडे चेंडू. पाऊस सुरू झालेला. त्यानंही वाचलं होतं. त्याला ठाऊक होतं की चेंडू खांबाला लागणार आहे. तो म्हणाला, गुडगावातला कोण हा, मला सांगणार. त्यानं खांब टाळायला म्हणून वीतभर डावीकडे नेम धरला. चार हजार माणसं उभी. मारला. आणि वारा, जो मी बंदराकडून वाहणारा लिहिला होता, तो वीतभर उजवीकडे वळला.

मी थांबलो. धुक्यात मागे कुठेतरी ट्रकचा भोंगा वाजला.

"खांबाला?" शिवांजली म्हणाली.

खांबाला, म्हटलं.

सुभेदारांनी विचारलं, तुम्हाला हे सगळं कसं कळलं, तुम्ही तर इथे होता. मी म्हटलं, मैदानात एक निवृत्त मास्तरीण होती, तिनं अकरा पानी फॅक्स पाठवला. त्यांनी विचारलं, तो आहे का. मी म्हटलं, सांगितलं नाही का मघाशी, त्या कागदावरची अक्षरं आठवड्यात उडतात.

सोमवारी ऑफिसात पोचलो तर गेटवरच्या म्हशीसुद्धा बाजूला झाल्या. सचदेवा साहेब जिन्यात उभे होते, या खेपेला चढत. त्यांनी मला मिठी मारली. चारही निकाल जुळले होते, एका गुणाचाही फरक नाही. ऑस्ट्रेलियावाले विचारत होते, हा माणूस पुढच्या शनिवारचं काय म्हणतो. साहेबांनी आठवडाभर थांबायचीही गरज ठेवली नाही, तिथल्या तिथे मला कायम केलं. फोटोचा बिल्ला बनवून छातीला लावला. मी त्याच दुपारी साताऱ्याला दीनानाथरावांना ऐटीत पत्र लिहिलं, की आता खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या, मी दिल्लीचा झालो. संध्याकाळी बिल्ला लावूनच घरी गेलो, शुभदाला दाखवला, आणि आम्ही फिरायला गेलो. त्या दिवशी दोन भुट्टे घेतले. पुढे कंपनी बंद पडली आणि मी करोलबागच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो, ती गोष्ट निराळी. पण त्या एका ‘कल’पायी आमचा संसार इथे उभा राहिला. तेव्हा सुभेदार, पोरीला काय बोलायचं ते जपून बोला.

सुभेदार मान हलवत म्हणाले, काय राव, पटत नाही, पण ऐकायला बरं वाटलं. मागून कोणीतरी तिळाची वडी पुढे सरकवली, मानधन म्हणून.

"खोटं आहे," शुभदा म्हणाली.

ती झोपली नव्हती. मान खिडकीलाच टेकलेली होती, शाल तेवढी कानावरून खाली घेतली होती. गणिताच्या तासाला फळ्याकडे तोंड करूनही मागच्या बाकावरचं ऐकणारी बाई ती.

"छापलंच नव्हतं ते," ती म्हणाली. "शुक्रवारीच तिकडच्या माणसानं वाचलं आणि परत पाठवलं. सोमवारी बाराच्या आत तुम्हाला घरी जायला सांगितलं. चंद्रप्रभाताई कामावर आल्या, त्यांना कळलं, त्यांनी शाळेत फोन केला मला. आपण रजेवर नसतो तर हे झालं नसतं म्हणून रडत होत्या बिचाऱ्या."

सगळी बस माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "अगं, पण तो बिल्ला..."

"कसला बिल्ला. महिनाभर रोज डबा घेऊन निघायचात आणि गुडगावच्या वाटेवर कापसहेड्याच्या नाक्यावर कडुनिंबाखाली बसून राहायचात. एकदा मी शाळेला दांडी मारून मागोमाग आले होते." आता ती वळली. "आणि दीनानाथरावांना तुम्ही ऐटीत काही लिहिलं नाहीत. येतो, खुर्ची ठेवा, असं लिहिलंत, त्यांनीच नंतर सांगितलं मला. ते पत्र पोचायच्या आत मी पहाडगंजच्या बूथवरून त्यांना फोन केला होता. म्हटलं, हे आता येणार नाहीत, तुम्ही दुसरा माणूस बघा."